नंबर नसलेली फिल्म

१

बेकरीवालीच्या पाकिटातून दुसऱ्याच कुणाची तरी कंबर निघाली, आणि त्यापायी आमच्या धाकटीची नोकरी दुपारी चार वाजता जाणार होती.

सकाळी साडेनऊला सरांचा फोन आला तेव्हा मी खिडकीच्या काचा पुसत होते. निवृत्त बाईला काचा पुसण्यावाचून दुसरं काम नसतं, अशी आमच्या घरातल्यांची पक्की समजूत आहे. त्याआधी बत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काढली. तिथे मला सगळे थोरली म्हणायचे, आणि शेवटी शेवटी माझ्या हाताखाली आलेल्या पोरीला धाकटी. सर म्हणजे आमचे रेडिओलॉजिस्ट. फिल्म मी काढायची आणि ती वाचून रिपोर्ट त्यांनी लिहायचा, असा आमचा कारभार. एवढी वर्षं कुणाशी एका खोलीत काढली की त्याच्या खोकल्यावरूनसुद्धा मूड कळतो.

"थोरल्या बाई, आज जरा येऊन जा," सर म्हणाले. "चौकशी समितीला बाहेरचं कुणीतरी जाणकार हवंय. मी तुमचं नाव सुचवलं. फिल्म बघा आणि पोरीबद्दल दोन शब्द बरे बोला. तिच्या प्रमाणपत्रावर शेरा तरी बसणार नाही."

"पण तिनं केलंय काय?"

"नंबर चुकवला. या तर खरं."

माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी नंबर चुकवेल हे माझ्या गळी उतरेना. मी तिला तीन वर्षं अक्षरशः छळलं होतं. फिल्म धुऊन आली की आधी नंबर, मग चहा. चहाची सवयच सुटली होती बिचारीची.

हॉस्पिटलच्या अधीक्षकबाईंनी मला खुर्ची दिली आणि प्रकरण चार वाक्यांत सांगितलं. बेकरीवाली अडतीस वर्षांची. पिठाची पोती उचलून कंबर गेली, पायात कळ. मोठ्या मशीनच्या तपासणीत नस दबलेली दिसत होती, पण त्या चित्रात बरगड्या येत नाहीत, म्हणून कुठला मणका कितवा हे आमच्याकडे साध्या एक्स-रेवरूनच ठरवतात. सरांनी रिपोर्ट दिला: कमरेचे मणके पाच, चौथ्या आणि पाचव्याच्या मधली जागा बसलेली. त्यावर विसंबून सर्जननी तीच जागा उघडली. दुखणं जसंच्या तसं राहिलं, वर पाऊल लुळं पडलं. बाईनं दुसऱ्या हॉस्पिटलात नवा एक्स-रे काढला, तर तिथे तिला कमरेत पाच नव्हे, सहा मणके निघाले.

"जन्मापासूनच सहा?" मी विचारलं.

"असं असतं म्हणे."

असतं तर काय! दहातल्या एका माणसाच्या कमरेखाली काहीतरी वेगळं असतंच. कुणाला एक मणका जास्त, कुणाचा शेवटचा मणका खालच्या तिकोनी हाडाला चिकटलेला, कुणाच्या त्या हाडाला मागे फट. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर पत्ता नसतो, आणि कळलं नाही म्हणून काही बिघडतही नाही. बिघडतं ते फक्त कुणी सुरी हातात घेतल्यावर.

"मग आम्ही आमचं पाकीट उघडलं," अधीक्षकबाई म्हणाल्या. "आत ही. हिच्यात पाचच आहेत. म्हणजे ही बेकरीवालीची नाही. तंत्रज्ञ मुलीनं दुसऱ्याच बाईच्या फिल्मवर बेकरीवालीचा नंबर घातला. सरांनी समोर आलं ते वाचलं, सर्जननी लिहिलं होतं ते केलं. चूक खालीच झाली."

त्यांनी भिंतीवरचा लाइट बॉक्स लावला आणि फिल्म अडकवली. मी चष्मा पुसला. कोपऱ्यात उजव्या बाजूची खूण होती. आम्ही फिल्म काढताना शिशाचा एक छोटा 'आर' ठेवतो, त्याची सावली उमटते, म्हणजे उजवं-डावं कळतं.

त्या आरचा पाय मोडलेला होता.

२

तो आर माझा होता. म्हणजे माझ्या हातून फरशीवर पडून त्याचा पाय मोडला होता, आणि नवा संच आल्यावर मीच त्याला कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. त्याला वीस वर्षं झाली. धाकटीला आमच्याकडे येऊन पाच. ही फिल्म काढली तेव्हा ती पाटीवर अक्षरं गिरवत असेल.

एवढ्यावर मी ओरडायला हवं होतं. पण नजर खाली गेली.

पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूचा पंख रुंद होता, खालच्या हाडाला टेकलेला. त्या तिकोनी हाडाच्या पहिल्या तुकड्यात मधोमध एक तिरकी फट होती. पंख एकट्यानं पुष्कळांचा दिसतो, फटही दिसते. पण डावा पंख आणि त्याखाली उजवीकडे कललेली फट, ही जोडी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती. एकदा म्हणजे शंभरदा, पण एकाच माणसाची.

"काय वाटतं?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

"जरा वेळ द्या. चारपर्यंत."

मी बाहेर येऊन बाकावर टेकले. बेकरीवालीच्या नावानं त्या भिंतीवर जी कंबर टांगली होती, ती माझी होती.

३

बावीस वर्षांपूर्वी नवं एक्स-रे मशीन आलं तेव्हाची गोष्ट. तेव्हा एक वाईट खोड होती, आता कुणी करू देणार नाही आणि ते बरंच आहे. नवं मशीन आलं की पहिल्या फिल्मा आम्ही एकमेकांच्याच काढायचो. त्या दिवशी खोलीत तिघं होतो: सर, फिल्मांची खोली सांभाळणारे रेकॉर्डकाका आणि मी. तिघांच्या कमरा काढल्या. त्यांना ना नंबर, ना पाकीट, ना रजिस्टरात नोंद.

माझी फिल्म बघून सर खूश झाले. "थोरल्या बाई, एका कमरेत दोन वैशिष्ट्यं! ही मी वर्गात दाखवणार." त्यांनी ती बाकी दोघांच्या फिल्मांसकट शिकवणीच्या डब्यात ठेवली, आणि दरवर्षी नवी पोरं माझी फट बघून जाऊ लागली. मीही मिरवायचे. माणूस कशाकशाची मिरवणूक काढेल सांगता येत नाही.

मी अधीक्षकबाईंना लगेच का नाही सांगितलं? कारण सरळ होतं. शिकवणीचा डबा रेकॉर्डकाकांच्या खोलीत असे, आणि त्या वर्गाला धाकटीही बसली होती. फिल्म माझी म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: मग ती बदलली कुणी? आणि ज्याच्यावर आधीच बोट रोखलेलं असतं, त्याच्यावरच दुसरं बोट रोखायला लोकांना सोपं जातं. कोणी केलं हे कळल्याशिवाय तोंड उघडण्यात अर्थ नव्हता.

रेकॉर्डकाका माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच, पण सगळं हॉस्पिटल त्यांना काका म्हणतं म्हणून मीही म्हणते. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय हो काका, भूत बघितल्यासारखं काय करताय?"

"माझ्याकडूनच झालं असणार," ते एकदम म्हणाले. "कुणाला सांगू नका. मला आता बारीक नंबर दिसत नाहीत. धाकटी रोज संध्याकाळी थांबून पाकिटांवर मोठ्या अक्षरात नंबर घालून देते, म्हणून चाललंय. मीच कुठली तरी फिल्म चुकीच्या पाकिटात सारली, आणि खापर फुटतंय पोरीवर."

दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. मी त्यांना पाणी दिलं.

"काका, चुकून सारलेल्या फिल्मवर आपोआप बेकरीवालीचा नंबर उमटेल का? पांढऱ्या शाईनं कुणीतरी तो घातलाय. तुम्ही नाही."

त्यांना हायसं वाटलं आणि ते रडायलाच लागले. मी रजिस्टर ओढलं. बेकरीवालीचं पाकीट ऑपरेशनआधी एकदा सर्जनकडे गेलं होतं. त्यानंतर समितीनं नेईपर्यंत कुणाची सही नाही.

"पण सही न करता कोण नेऊ शकतं?"

"सही न करता? सरांशिवाय कोण? ते काय बाहेरचे आहेत?"

"आणि शिकवणीचा डबा?"

"तो इथेच असतो. गुरुवारी तेवढा सरांनी वर्गाला नेला आणि तासाभरानं आणून दिला."

मी मान हलवली आणि पाकीट मागून घेतलं. रिकामं पाकीट अजून काकांकडेच होतं. वरच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची दोन बारीक भोकं होती आणि कागदाचा एक फाटका कण अडकला होता. काहीतरी लावलेलं होतं, आणि कुणीतरी ते ओढून काढलं होतं.

मग लक्षात आलं. सरांचा वर्ग सोमवारी असतो. गुरुवारी कधीच नव्हता.

४

मला ते विचारात घ्यायचं नव्हतं. खरं सांगते, मी मनातल्या मनात सर्जनला दोषी ठरवून मोकळी झाले. तो सहा वर्षांपूर्वी आलेला, तोंडानं फटकळ, चुकीची जागा उघडणारा शेवटी तोच. शिवाय माझ्याकडे एक पुरावा होता.

फिल्मवरचा नंबर सरळ वाचता येत होता, पण तेव्हा मोडका आर उलटा दिसत होता. म्हणजे नंबर लिहिणाऱ्यानं फिल्म उलटी धरली होती. आम्ही तंत्रज्ञ फिल्म नेहमी समोरून बघतो, आजारी माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे अशी. धाकटीला मी दुसरी सवयच लागू दिली नव्हती. उलटी धरतो तो कंबर पाठीमागून बघणारा, म्हणजे पाठीत सुरी घालणारा.

सर्जन जेवणाच्या सुट्टीत सफरचंद खात होता. मी एक जुनी फिल्म त्याच्या हातात दिली. "जरा बघता का हो?" त्यानं ती खिडकीकडे धरली, आर उलटा.

"सापडलात!" मी म्हटलं.

"काय सापडलो?" त्यानं चिडून विचारलं. मी सगळं सांगितलं, फक्त कंबर कोणाची ते सोडून. तो आणखी चिडेल असं वाटलं होतं. पण त्यानं सफरचंद खाली ठेवलं.

"बाई, जरा डोकं चालवा. रिपोर्टात पाच लिहिलेत. खऱ्या फिल्ममध्ये सहा होते. ती फिल्म आज समितीपुढे असती, तर दोष रिपोर्ट लिहिणाऱ्यावर गेला असता. मी वाचलो असतो. ती मी कशाला गायब करू? मी तर ती सापडावी म्हणून धडपडतोय. तिच्या पावलाकडे मला रोज बघावं लागतं."

"मग तुम्ही खालून मोजलं?"

"आम्ही नेहमी खालूनच मोजतो. शेवटचा तो पाचवा; हिच्यात तो सहावा निघाला, म्हणून मी एक जागा खालची उघडली. तुमचे लोक वरून मोजतात, शेवटच्या बरगडीपासून. नऊ जणांत दोन्ही मोजण्या एकाच ठिकाणी येऊन भेटतात. दहाव्यात नाही भेटत. म्हणूनच तर रिपोर्टात लिहायचं असतं की बाबा, इथे सहा आहेत, सांभाळ. मीही मोजून बघायला हवं होतं. बघितलं नाही. हे मी चारला सांगणार आहे."

मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. पण उलट्या फिल्मचं कोडं उरलंच होतं.

"फिल्म पाठीमागून बघायची सवय तुम्हाला कुणी लावली?" मी विचारलं.

"कॉलेजात. तुमचे सरच यायचे की आम्हाला शिकवायला. ते स्वतः तशीच बघतात. लक्षात नाही आलं तुमच्या?"

बत्तीस वर्षं एका खोलीत. त्यांच्या हातात फिल्म द्यायची मी, आणि परत घेताना ती उलटी करून पाकिटात घालायची मीच. इतकं अंगवळणी पडलं होतं की मला ते दिसेनासं झालं होतं.

५

बेकरीवाली बाहेर व्हरांड्यात बसली होती, काठी शेजारी उभी करून. समितीनं तिलाही बोलावलं होतं.

"एक मणका फुकट मिळालाय म्हणे मला," ती म्हणाली. "तर दुखणंही एकानं जास्त. ताई, मला कोर्टकचेरी नको. मला भट्टीपुढे उभं राहायचंय. तीन महिने झाले, माझी बहीण एकटी कणीक तिंबतेय."

"एक्स-रे काढताना कोण होतं ते आठवतं?"

"हीच पोरगी. गुणाची आहे हो. मला म्हणाली, तुमच्या कमरेत एक मणका जास्त दिसतोय, घाबरू नका, खूप जणांना असतो, पण मी सरांना चिठ्ठी लावते. हे मी आधीच्या चौकशीत सांगितलं, तर म्हणाले दुसऱ्या हॉस्पिटलात ऐकून आता बोलताय."

पिनेची दोन भोकं. मी उठले आणि धाकटीला शोधायला गेले. ती डार्करूममध्ये होती, दिवा लावून, रिकाम्या ट्रे पुसत. शेवटच्या दिवशी ट्रे कशाला पुसायच्या, पण ती पुसत होती.

"चिठ्ठी लावली होतीस ना?"

तिनं दुसरी ट्रे उचलली.

"अगं बोल की! तुझी नोकरी चाललीय आणि तू ट्रे काय पुसतेस?"

"ताई, सर म्हणाले मी बघतो. आत्ता काही बोलू नकोस, उलट प्रकरण चिघळेल. चारला मीच सगळं सांगतो म्हणाले." तिनं माझ्याकडे पाहिलं. "ते सांगतील ना? तुम्हीच म्हणायचात, सरांसारखा माणूस नाही."

मी म्हणायचे. रोज म्हणायचे. मी तशीच सरांच्या खोलीकडे निघाले.

सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. साडेतीन वाजले होते. टेबलावर दोन कप चहा होता, एक माझ्यासाठी.

"ओळखलीत," ते म्हणाले.

"माझीच का?"

"डब्यात आपल्या तिघांच्या होत्या. दोन पुरुषांच्या. मला बाईची हवी होती, तेवढ्याच वयाची, आणि नंबर नसलेली. नंबर असलेली काढली की दुसरं पाकीट रिकामं राहतं."

इतकं शांतपणे सांगितलं, जणू उद्याची ड्यूटी ठरवत होते. मी उभीच होते.

"तुमच्या रिपोर्टात फटीचा उल्लेख नाही," मी म्हटलं. "आयुष्यात तुम्ही कुणाची फट सोडली नाहीत. ही फिल्म तुमच्यासमोर असती तर पहिली ओळ तीच असती. एवढं तरी बघायचं."

"समितीत हाडं वाचणारं दुसरं कोण आहे? मी आणि तुम्ही."

"आणि मीच बाहेरची जाणकार म्हणून यावं, हेही तुम्हीच ठरवलंत."

"दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर त्यानं प्रश्न विचारले असते. तुम्ही ओळखाल हे मला माहीत होतं. आणि ओळखून गप्प बसाल, हेही. बत्तीस वर्षांत तुम्ही माझी एक चूक बाहेर जाऊ दिली नाहीत."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते लागलं. सर घाईत असत. त्यांच्या नजरेतून काही सुटलंय असं वाटलं की मी पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायचे आणि पाकीट पुन्हा त्यांच्या ढिगात ठेवायचे. ते टिंब बघायचे, फिल्म पुन्हा लावायचे, रिपोर्ट दुरुस्त करायचे आणि टिंब खोडायचे. आम्ही त्याबद्दल एक शब्द कधी बोललो नाही. मला तो जिव्हाळा वाटायचा.

"ती टिंब देत नाही," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "ती चिठ्ठी लावते. लेखी, सगळ्यांना दिसेल अशी. कालची पोर मला मणके मोजायला शिकवणार? मी चिठ्ठी काढून टाकली. रिपोर्ट आधीच लिहून झाला होता. चौथ्यापाशी जागा बसलेली दिसली, तिथे थांबलो. खाली एक आहे की दोन, नाही बघितलं. झालं."

"खरी फिल्म?"

"आता नाही ती." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "माझे आठ महिने राहिलेत, थोरल्या बाई. पोरीचं वय काय आहे? तिला मिळेल कुठेही. तुम्ही दोन शब्द बरे बोललात की शेराही बसणार नाही. मी काही तिचं वाईट चिंतत नाही."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. त्यांनी माझा विश्वासच वापरला नव्हता, माझी कंबरही वापरली होती. ज्या माणसासाठी मी बत्तीस वर्षं टिंबं दिली, त्याला मी त्यातून एवढंच शिकवलं होतं की शेवटपर्यंत मोजलं नाही तरी चालतं. बेकरीवालीच्या लुळ्या पावलात माझंही एक टिंब होतं, आणि ते मला जन्मभर खोडता येणार नव्हतं.

"चहा थंड झाला," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

६

चार वाजता अधीक्षकबाईंनी विचारलं, "बोला. फिल्म कुणाची असेल काही अंदाज?"

सर खिडकीजवळ बसले होते. धाकटी दाराजवळ उभी होती, आणि ती सरांकडे बघत होती. ते आता बोलतील, मग बोलतील, म्हणून.

"अंदाज नाही, खात्री आहे," मी म्हटलं. "ती माझी आहे."

मी एकेक गोष्ट सांगत गेले: वीस वर्षांपूर्वी फेकलेला मोडका आर, सोमवारच्या वर्गासाठी गुरुवारी गेलेला डबा, उलट्या बाजूनं घातलेला नंबर, रिपोर्टात नसलेली फट, पिनेची दोन भोकं. खरी फिल्म राहिली असती तर कोण सुटलं असतं आणि कोण अडकलं असतं, तेही. टिंबांचंही सांगितलं.

"हे सगळं तुमचं म्हणणं झालं," अधीक्षकबाई सावकाश म्हणाल्या. "सरांचं वजन तुम्हाला माहीत आहे. पुरावा?"

"तो मी घेऊनच आलेय. हाडं म्हातारी होतात, पण जन्माची खूण जात नाही. खाली मशीन आहे. माझी फिल्म काढा."

धाकटीनंच काढली. मी टेबलावर आडवी झाले, ते नेहमीसारखं गार होतं. तिनं शिशाचा आर माझ्या उजव्या बाजूला ठेवला, नंबर दोनदा तपासला. तिचे डोळे लाल होते पण हात स्थिर होते.

"ताई, त्यांनी सांगितलंच नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही ना."

ती काचेमागे गेली. "श्वास घ्या. सोडा. आता धरा." माझीच शिकवलेली वाक्यं, माझ्याच सुरात. मी श्वास धरला.

दहा मिनिटांनी दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी लागल्या. सर्जन पुढे झाला, पण अधीक्षकबाईंनी त्याला थांबवलं. "सर, तुम्ही वाचा. इथे हाडं तुमच्याइतकं कुणी वाचत नाही."

मला वाटलं ते उठणार नाहीत. पण ते उठले. सवयीनं त्यांनी माझी नवी फिल्म काढली, उलटी केली आणि पुन्हा लावली. आर उलटा झाला. सगळ्यांनी ते पाहिलं. त्यांनाही कळलं असावं, पण त्यांनी ती पुन्हा सुलटी केली नाही.

"डावा पंख रुंद," ते म्हणाले. आवाज ऐकू येईल न येईल एवढाच. "पहिल्या तुकड्यात फट. उजवीकडे कललेली." मग जुन्या फिल्मकडे वळून, "हीच."

"मणके किती?" धाकटीनं विचारलं.

तिला तो प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता. कुणी तिला गप्प केलं नाही. दारात बेकरीवाली काठीवर रेलून उभी होती.

सरांनी शेवटच्या बरगडीवर बोट ठेवलं आणि खाली यायला लागले. एक. दोन. तीन. चौथ्यापाशी बोट क्षणभर थांबलं. मग ते पाचव्यावर गेलं, आणि त्याखाली आणखी एखादा नाही ना, हे त्यांनी वाकून नीट पाहिलं.